दोन बाटल्यांचा प्रयोग का फसला, आणि कार्बन डायऑक्साइडचा परिणाम खरंच मोजतात कसा

सर, तुमचा प्रश्न इतरांसाठी आधी थोडक्यात मांडते. तुम्ही नागपूरजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवता. विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीच्या मुलींनी काचेच्या दोन बाटल्या घेतल्या. एकीत साधी हवा, दुसरीत खायचा सोडा आणि व्हिनेगर टाकून काढलेला कार्बन डायऑक्साइड, आणि दोन्हींवर शंभर वॉटचा बल्ब. शाळेत करून पाहिलं तेव्हा कार्बन डायऑक्साइडची बाटली दीड अंशाने जास्त तापली. मुली खूश. प्रदर्शनाच्या दिवशी नेमकी हवेची बाटली पुढे गेली. वर परीक्षकांनी विचारलं, "हवेत हा वायू ०.०४ टक्के. एवढ्याशा वायूने काही होतं हे मोजून दाखवता येईल का?" तुम्हाला हवंय ते असं: प्रयोगात काय चुकलं, आणि नागपुरात बसून, शाळेला परवडेल अशा खर्चात हे मोजता येतं का.

मुलींचं काही चुकलेलं नाही. तो प्रयोगच दुसरं काहीतरी मोजतो. परवडण्याचं म्हणाल तर काही भाग हजार-दोन हजारात मोजता येतो, काही भागाला काही लाख लागतात, आणि ज्यावर परीक्षकांनी बोट ठेवलं तो भाग मोजायला जे यंत्र लागतं ते शाळाच काय, बरीच कॉलेजंही घेऊ शकणार नाहीत. कोणता भाग कोणता, हे नीट कळलं की निम्मं काम झालं.

माझ्याबद्दल एवढंच की आभाळातून खाली येणारी उष्णता मोजणारी उपकरणं बसवणं, कॅलिब्रेट करणं आणि त्यांच्या खोड्या शोधणं हे काम मी सव्वीस वर्षं केलं. त्यामुळे माझा कल आधी यंत्रावर संशय घेण्याकडे असतो. सिद्धांतातली माणसं हेच दुसऱ्या क्रमाने सांगतील.

आधी बाटल्या. बल्बचा प्रकाश बहुतेक दृश्य आणि त्याला लागून असलेल्या जवळच्या अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या) पट्ट्यातला असतो. कार्बन डायऑक्साइड तो जवळपास तसाच जाऊ देतो. तो अडवतो ती जमिनीसारख्या गार वस्तूंनी सोडलेली लांब तरंगलांबीची उष्णता, मुख्यतः १५ मायक्रॉनच्या आसपासची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आणि तुमची बाटली काचेची. ही लांब लहरींची उष्णता काच स्वतःच गिळते, मग आतल्या वायूला करायला उरतं काय? तरीही बाटली जास्त तापते त्याची कारणं वेगळी आहेत. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड. त्यातून उष्णता वाहते कमी, आणि बाटलीत तो तळाशी बसून राहतो, हवेसारखा वर-खाली फिरत नाही. अमेरिकेतल्या काही भौतिकशास्त्रज्ञांनी याच धर्तीच्या प्रयोगात कार्बन डायऑक्साइडऐवजी आर्गॉन भरून पाहिला आणि निकाल २०१० मध्ये प्रसिद्ध केला. आर्गॉन अवरक्त किरण अजिबात शोषत नाही, पण जड आहे. तोही तसाच तापला. म्हणजे पहिल्या दिवशी मुलींना मिळालेलं उत्तर बरोबर होतं, पण भलत्याच कारणाने.

उलटं का झालं? सोडा आणि व्हिनेगरची क्रिया उष्णता खेचून घेते, फसफसताना बाटली हाताला गार लागते. वायू नुकताच तयार करून लगेच बल्ब लावला तर ती बाटली मागून सुरुवात करते. त्यात थर्मामीटर काचेला टेकलेला, बल्ब एका बाजूला बोटभर जवळ. दीड अंश इकडे-तिकडे व्हायला एवढं पुरतं.

यापेक्षा मोठी अडचण अशी की बाटलीत वरपासून खालपर्यंत तापमान जवळपास एकच असतं. हरितगृह परिणाम होतो तो खाली गरम आणि वर थंड असल्यामुळे. मे महिन्यात नागपूरची जमीन ४० अंशांवर असते तेव्हा डोक्यावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर उणे ४०-५० अंश असतात. जमिनीने सोडलेली १५ मायक्रॉनची उष्णता वाटेतला कार्बन डायऑक्साइड पुनःपुन्हा शोषतो आणि सोडतो, आणि अखेर अवकाशात निसटते ती वरच्या थंड थरातून. थंड वस्तू कमी किरण सोडते. बाहेर जाणारी उष्णता कमी झाली, सूर्याकडून येणारी तेवढीच राहिली, की खालचा हिशेब तापूनच जुळवावा लागतो. हे बारा किलोमीटर बाटलीत कसे घालणार?

आता ०.०४ टक्के. परीक्षकांचा प्रश्न वाईट नाही, फक्त टक्केवारी चुकीच्या गोष्टीशी लावली आहे. हवेतले ९९ टक्के नायट्रोजन आणि ऑक्सिजन. दोन्हींचे रेणू दोन सारख्या अणूंचे, थरथरले तरी त्यांच्यात विद्युतभाराचा असमतोल होत नाही, म्हणून ही उष्णता त्यांच्यातून सरळ पार होते. या कामापुरते ते प्रेक्षक आहेत. प्रेक्षक लाखभर बसले म्हणून मैदानातल्या खेळाडूंची संख्या बदलत नाही. विचारायचं असेल तर असं विचारा: किरणांच्या वाटेत एकूण किती वायू आहे? हिशेब सोपा आहे, मुलींकडून करून घ्या. सगळं वातावरण समुद्रसपाटीच्या दाबाला दाबून बसवलं तर सुमारे आठ किलोमीटर जाडीचा थर होतो. दशलक्षात ४२० भाग म्हणजे त्यातला शुद्ध कार्बन डायऑक्साइडचा थर झाला जवळजवळ ३.४ मीटर. घराच्या एका मजल्याएवढा. प्रत्येक चौरस मीटरवर साडेसहा किलोच्या आसपास. मिथेन दीड सेंटिमीटर, बोटाच्या जाडीचा. नायट्रस ऑक्साइड तीन मिलिमीटरही नाही, ओझोनही साधारण तेवढाच. "०.०४ टक्के" ऐकल्यावर डोळ्यांसमोर जे येतं ते आणि डोक्यावर मजलाभर वायू उभा आहे हे चित्र, यांत फार फरक आहे.

आता मोजण्याकडे येऊ. लोक तीन निरनिराळ्या गोष्टींना "हरितगृह परिणाम मोजणं" म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. हवेत वायू किती, हे एक. आभाळातून एकूण उष्णता किती खाली येते (किंवा वर किती निसटते), हे दुसरं. आणि त्या उष्णतेतली नेमकी किती या एका वायूमुळे, हे तिसरं. परीक्षकांनी तिसरं विचारलं. बाटल्यांनी यांतलं एकही मोजलं नाही.

पहिलं सगळ्यात सोपं. बाजारात काही हजारांत मिळणारा कार्बन डायऑक्साइड सेन्सर गच्चीवर ठेवा. दुपारी वारा असताना तो ४२० ते ४३० पीपीएम (दशलक्षात तेवढे भाग) दाखवेल, पहाटे वारा पडल्यावर शहरात त्यापेक्षा बराच वर जाईल, आणि चाळीस मुलींच्या बंद वर्गात हजार कधी ओलांडेल कळणार नाही. म्हणूनच जगाची सरासरी शहरात मोजत नाहीत. चार्ल्स कीलिंगने १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर मोजायला घेतलं तेव्हा आकडा ३१५ च्या आसपास होता. आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएमने (उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था) हवेचे नमुने घ्यायला सिंहगड निवडला तोही याच कारणाने. पण मला त्या सेन्सरबद्दल दुसरंच सांगायचंय. तो आत काय करतो? एका टोकाला छोटा दिवा, दुसऱ्या टोकाला ४.२६ मायक्रॉनचीच उष्णता पाहणारा डोळा, मध्ये हवा. वायू वाढला की डोळ्यापर्यंत उष्णता कमी पोहोचते. जॉन टिंडलने १८५९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये पितळी नळी, टोकांना सैंधवाच्या चकत्या (काच चालणार नाही हे त्याला माहीत होतं) आणि उकळत्या पाण्याचं भांडं घेऊन जो प्रयोग उभा केला, तोच आज काडेपेटीएवढ्या डबीत बसला आहे. मुलींना बाटल्यांऐवजी हे दाखवा. सेन्सरवर फुंकर मारा, आकडा उसळेल. "हा वायू उष्णता अडवतो" याचा पुरावा ती डबी चालते हाच.

दुसरी गोष्ट, आभाळातून येणारी उष्णता. ही नागपूरकरांना शिकवायची गरज नाही. नवतप्यात (मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत) रात्री दहा वाजता गच्चीवर पाणी मारून गादी टाकली तरी स्लॅब पाठ भाजतो, आणि डिसेंबरात त्याच गच्चीवर नऊ वाजताच दव पडायला लागतं. आकड्यांत सांगते. मे महिन्यातल्या रात्री ३८ अंशांचा स्लॅब चौरस मीटरमागे पाचशे वॉटहून थोडी जास्त उष्णता वर सोडतो. हवा ३२ अंशांवर आणि कोरडी असेल तर निरभ्र आभाळ त्याला साधारण ३९० वॉट परत देतं. रात्री, सूर्य नसताना! ते ३९० वॉट पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि थोडेफार इतर वायू देतात. आभाळाकडून हे येत नसतं तर नागपूरची उन्हाळी पहाटसुद्धा बर्फाळ झाली असती.

हे घरच्या घरी चाचपायला अवरक्त थर्मामीटर घ्या. करोनाच्या काळात दारोदार दिसायची ती कपाळाची बंदूक नव्हे, ती ३०-४० अंशांपलीकडे वाचत नाही. मेकॅनिक वापरतात ती, उणे ५० पर्यंत वाचणारी. रात्री सरळ डोक्यावर धरायची. माझ्या वहीत मेमधल्या एका कोरड्या रात्री उणे ९ आहे, डिसेंबरात उणे २८, आणि ऑगस्टमधल्या ढगाळ रात्री अधिक १९. हवेचं तापमान मेमध्ये सगळ्यात जास्त होतं, तरी आभाळ सगळ्यात "गरम" निघालं ते ऑगस्टमध्ये. मुलींना हा एक फरक कळला तरी प्रदर्शन वसूल. अमेरिकेतला हौशी शास्त्रज्ञ फॉरेस्ट मिम्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशाच बंदुकीने हवेतली वाफ अंदाजता येते हे दाखवलं आहे.

पण इथे एक खाच आहे आणि तिच्यात भलेभले अडकतात. ही बंदूक ८ ते १४ मायक्रॉनमध्येच पाहते. कारखान्यात लांबून भट्टीचं तापमान वाचताना मधली हवा आड येऊ नये म्हणून मुद्दाम तो पट्टा निवडलेला असतो. म्हणजे वातावरणाच्या भिंतीतली जी खिडकी उघडी आहे त्या खिडकीतूनच ती बघते. १५ मायक्रॉनचा कार्बन डायऑक्साइडचा पट्टा, कडेचा थोडा भाग सोडला तर, तिच्या नजरेबाहेर. तेव्हा "बंदुकीने कार्बन डायऑक्साइडचा परिणाम मोजला" असा फलक लावू नका. तिने मोजले ते वाफ आणि ढग.

सगळे पट्टे एकत्र मोजायचे तर पायरजिओमीटर लागतो. वर काळपट चकचकीत सिलिकॉनचा घुमट, खाली थर्मोपाइल, म्हणजे उष्णतेतला फरक विजेत बदलणारा सेन्सर. आभाळ आणि यंत्राचं स्वतःचं अंग यांच्यातला फरक थर्मोपाइल सांगतो. मग अंगाचं तापमान मोजून, स्टीफन-बोल्ट्झमनच्या सूत्राने (कोणत्या तापमानाची वस्तू किती उष्णता सोडते ते सांगणारं) त्याची उष्णता काढून त्यात मिळवायची. शेवटी हाती येणारा आकडा बहुतांशी यंत्राच्या स्वतःच्या तापमानाचा असतो, हे लक्षात ठेवा.

का, ते सांगते. एका पावसाळ्यात आमच्या एका केंद्रावरचा आकडा आदल्या वर्षीच्या त्याच दिवसांपेक्षा सहा-सात वॉटने वर सरकला आणि तिथेच राहिला. मी खूश. ढग नसलेल्या रात्री वेगळ्या काढल्या, आर्द्रतेशी ताडून पाहिलं, "आभाळाच्या उष्णतेत लक्षणीय वाढ" अशा मथळ्याचं टिपण अर्धं लिहूनही झालं. मग आमच्यातल्या एका तंत्रज्ञाने शांतपणे विचारलं, "मॅडम, ती केबल उंदराने कुरतडली होती ना, ती जोडली कोणी?" जोडली होती. चार तारांच्या जागी दोनच, वर चिकटपट्टी. अंगाचं तापमान सांगणारा प्लॅटिनमचा सेन्सर अंशाला ०.३८५ ओहमने बदलतो. पावसात त्या जोडाला गंज चढला, सुमारे ०.४ ओहमचा. झाला एक अंश जास्त. आणि ३५ अंशांच्या आसपास एक अंशाची चूक म्हणजे जवळपास ७ वॉट. औद्योगिक काळापासून वाढलेल्या सगळ्या कार्बन डायऑक्साइडचा एकूण जोर सव्वादोन वॉटच्या आसपास धरतात. आमचा गंज त्याच्या तिप्पट. टिपण फाडलं. सुतावरून स्वर्ग म्हणतात, आम्ही तारेच्या तुकड्यावरून गाठला होता. सगळ्यात लागलं ते हे की चूक मला हव्या त्या दिशेला होती, म्हणून मी ती शोधली नाही. आकडा खाली गेला असता तर पहिल्याच दिवशी केबल तपासली असती.

तुमच्या परीक्षकांना आठवतच असेल, मे २०२४ मध्ये नागपुरात ५६ अंशांचा आकडा झळकला आणि देशभर बातमी झाली. पुढे सेन्सर बिघडलेला निघाला. त्या दिवशी उन्हात उभ्या असलेल्या माणसाला तो आकडा पटला असेल, मलाही क्षणभर पटला.

असो. पायरजिओमीटरने तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर का मिळत नाही, हे आता दिसेल. नागपुरात डिसेंबरातली निरभ्र रात्र आणि ऑगस्टमधली ढगाळ रात्र यांत आभाळाची उष्णता साधारण २९० वरून ४३० वॉटवर जाते. त्यात कार्बन डायऑक्साइडमुळे दहा वर्षांत पडणारी भर ०.२ वॉट. एकूण आकड्यात ती शोधायची तर सेन्सर दहा वर्षं ०.०३ अंशाच्या आत खरा राहायला हवा, आणि वाफ तर रोज बदलते. मग करतात काय? तरंगलांबीनुसार उष्णता वेगळी करतात. गंज, धूळ, कॅलिब्रेशनची सरक, या चुका सगळ्या तरंगलांब्यांवर सपाट पसरतात. वायूचा परिणाम मात्र त्याच्या ठरलेल्या रेषांवरच दिसतो, शेजारच्या रेषेवर नाही. माझ्या लेखी या सगळ्या शास्त्राचा जीव इथे आहे. एकूण आकडा खोटं बोलू शकतो, वर्णपटाचा (तरंगलांबीनुसार मांडलेल्या उष्णतेच्या आलेखाचा) आकार चुकून तयार होणं फार कठीण.

असं यंत्र अमेरिकेत ओक्लाहोमाच्या शेतजमिनीवर आणि अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर वर्षानुवर्षं आभाळाकडे तोंड करून बसलं आहे. दर काही मिनिटांनी ते आभाळ पाहतं, मग मान वळवून आपल्याच दोन काळ्या पोकळ्यांकडे पाहतं. एक ६० अंशांवर ठेवलेली, दुसरी बाहेरच्या हवेच्या तापमानाची. दोन्हींची उष्णता सूत्राने ठाऊक असते, त्यामुळे यंत्र दर वेळी स्वतःला तपासून घेतं. फुग्यातून पाठवलेल्या उपकरणांनी त्या वेळी उंचीनुसार तापमान आणि वाफ किती ते कळतं. मग एकेका शोषणरेषेचा हिशेब करून संगणकावर दोन आभाळं तयार करायची, एक कार्बन डायऑक्साइड वाढलेलं, एक तो जुन्या पातळीवरच ठेवलेलं. मोजलेल्या वर्णपटातून दुसरं वजा केलं की जे उरतं ते त्या वायूचं. २००० ते २०१० या काळात वायू २२ पीपीएमने वाढला आणि खाली येणारी उष्णता दशकाला ०.२ वॉटने, दोन्ही ठिकाणी. हा निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा आलेख पाहिला तर कीलिंगच्या वक्रातले (मौना लोआच्या मोजणीच्या आलेखातले) वर्षाचे हेलकावेसुद्धा, झाडं वायू ओढतात आणि सोडतात ते, उष्णतेत उमटलेले दिसतात. परीक्षकांच्या "मोजून दाखवा"चं थेट उत्तर हे.

नागपुरात असं यंत्र शाळेला मिळणार नाही, पण त्यातला एक भाग आहे. सोनेगावहून, म्हणजे नागपूरच्या विमानतळाजवळून, हवामान खात्याचा फुगा सोडला जातो, त्याच्या पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच या ठरलेल्या वेळांचं तापमान आणि आर्द्रता इंटरनेटवर सगळ्यांना पाहता येते. ती आपल्या आभाळाची उभी चीर आहे. मुलींना एक मे आणि एक ऑगस्टचा आलेख शेजारी लावायला सांगा.

इथे कोणी हुशार मुलगी विचारेल (आणि विचारलं नाही तर परीक्षक विचारतील) की १५ मायक्रॉनची उष्णता आधीच पूर्ण अडलेली असेल तर आणखी वायू टाकून काय होणार? या प्रश्नात १९०० मध्ये स्वीडनचा क्नुट ऑंगस्ट्रॉम अडकला होता, त्यामुळे लाजायचं कारण नाही. त्यानेही नळीच घेतली. नळीतला वायू एक तृतीयांशाने कमी केला तरी शोषण जवळपास तेवढंच राहिलं, आणि चार वर्षांपूर्वीचं अऱ्हेनियसचं गणित (हा वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल याचं) लोकांनी बाजूला टाकलं. नळी पुन्हा बाटलीसारखीच फसवी निघाली. पट्ट्याच्या मध्यावर शोषण भरलेलं असतं हे खरं. पण कडांवर ते अर्धवट असतं, वायू वाढला की कडा रुंदावतात. आणि उष्णता निसटण्याची पातळी वर, आणखी थंड हवेत सरकते. म्हणून परिणाम थांबत नाही, मंदावतो. वायू दुप्पट झाला की दर वेळी साधारण तेवढीच भर, ३.७ वॉटच्या आसपास. २८० चे ५६० झाले तरी तेवढी, ५६० चे ११२० झाले तरी तेवढीच.

वरून पाहिलं तर हे आणखी स्पष्ट दिसतं. १९७० मध्ये निम्बस-४ या उपग्रहाने सहारा वाळवंटावरून वर्णपट घेतला. खिडकीच्या पट्ट्यात तापलेली वाळू दिसते, ४० अंशांच्या वर. १५ मायक्रॉनपाशी येताच आलेख खड्ड्यात पडतो आणि उणे ५० च्याही खालचं तापमान दाखवतो, कारण तिथे उपग्रहाला वाळू दिसतच नाही, उंचावरचा कार्बन डायऑक्साइड दिसतो. खड्ड्याच्या बरोबर मध्यभागी एक बारीक टोक वर आलेलं असतं. ते स्ट्रॅटोस्फिअरचं, म्हणजे त्याही वरच्या थराचं, तिथे उंचीबरोबर तापमान पुन्हा वाढतं. ते टोक मला अजून आवडतं. असं काही मुद्दाम रचायचं कोणाच्या डोक्यातही आलं नसतं. १९९७ मध्ये दुसऱ्या उपग्रहाने घेतलेले वर्णपट या जुन्यांशी ताडून पाहिले तेव्हा कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि सीएफसी (फ्रिजमध्ये पूर्वी वापरायचे ते क्लोरोफ्लुरोकार्बन वायू) यांच्या रेषांवरचे फरक वेगवेगळे ओळखू आले.

मिथेन आणि बाकीच्यांबद्दल थोडंच सांगते. हा अत्यल्प वायूंचा भाग वेगळाच रंजक आहे. ज्या पट्ट्यात आधीच गर्दी आहे तिथे नवा रेणू फारसं करू शकत नाही, मोकळ्या पट्ट्यात एकटासुद्धा भारी पडतो. १९७५ मध्ये वीरभद्रन रामनाथन यांनी दाखवलं की फ्रिजमधले सीएफसी नेमके त्या ८ ते १२ मायक्रॉनच्या उघड्या खिडकीत शोषतात, आणि एकेक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींच्या घरात काम करतो. हे प्रमाण अब्जात एक भागाहूनही कमी असलेल्या वायूचं! अमेरिकेला जाण्यापूर्वी ते सिकंदराबादला फ्रिजच्या कारखान्यात होते आणि तिथे त्यांचं काम होतं गॅस गळतो कुठे ते पाहणं. पुढे १९८९ मध्ये रावल आणि रामनाथन यांनी उपग्रहाच्या मोजणीवरून पूर्ण हरितगृह परिणामच काढला: पृष्ठभाग सोडतो ती उष्णता वजा अवकाशात पोहोचते ती. जगाच्या सरासरीत आज हा फरक चौरस मीटरला १५५ ते १६० वॉट धरतात. त्यातला निम्मा वाफेचा, पाव ढगांचा, आणि एक पंचमांशाच्या आसपास कार्बन डायऑक्साइडचा.

"वाफच मोठी, मग कार्बन डायऑक्साइडला दोष का" असंही कोणीतरी म्हणेल. नागपूरकराला याचं उत्तर जूनमध्ये मिळतं. वाफ जास्त झाली की पाऊस होऊन पडते. हवेत किती राहायची ते तापमान ठरवतं. कार्बन डायऑक्साइड पाऊस होऊन पडत नाही.

आता तुमच्या मुलींसाठी. मी असते तर बाटल्या टाकून दिल्या असत्या आणि बंदुकीची वही सुरू केली असती, रोज रात्री नऊला, नोव्हेंबरपासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत. सोबत शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मॉडट्रान नावाचा वर्णपट काढणारा प्रोग्राम फुकट चालवता येतो. त्यात २८० टाकून वर जाणारी उष्णता लिहून घ्या, मग ४२० टाका. मग मिथेन दुप्पट करून पाहा. आलेखात १५ मायक्रॉनचा खड्डा रुंदावताना दिसतो. फलकावर तो, शेजारी कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर आणि फुंकर, आणि शेजारी तुमची वही. वहीखाली स्पष्ट लिहा की हे आकडे वाफेचे आणि ढगांचे आहेत. परीक्षकांना ती एक ओळ आवडेल असं मला वाटतं, पण ते परीक्षकांवर.

बंदूक वापरताना काही बारीक गोष्टी. खोलीतून गच्चीवर आणल्यावर वीस मिनिटं तिला बाहेरच्या हवेत राहू द्या, नाहीतर पहिले आकडे खोलीचे येतील. कूलरच्या झोतापासून लांब उभं राहा. सरळ डोक्यावर धरा. तिरकी धरली की हवेचा जाड थर मध्ये येतो आणि आभाळ गरम दिसतं. तेही एकदा मुद्दाम करून बघा, डोक्यावर, अर्ध्यात आणि क्षितिजाजवळ असे तीन आकडे. बंदुकीवर ई किंवा इमिसिव्हिटीचं (वस्तू किती चांगली उष्णता सोडते त्या अंकाचं) बटण असेल तर ते कुठे लावलंय ते पहिल्याच पानावर लिहा आणि वर्षभर हलवू नका. लेसरचा लाल ठिपका मात्र बंद ठेवा. आपल्या गच्च्यांवरून सोनेगावला उतरणारी विमानं जातात.